सारथीतली कमान

ज्योत्स्ना रेळेकर या बाईला डाग म्हणून सहन व्हायचा नाही. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या एका बोळात ती लग्नाच्या अल्बमचं काम करायची. नवरीच्या गालावरची पुटकुळी, नवऱ्यामुलाच्या कपाळावरचा घाम, मागे उभ्या असलेल्या आत्याची नेमकी त्याच क्षणी आलेली जांभई, असलं सगळं ती संगणकावर असं काही नाहीसं करायची, की खुद्द आत्याला वाटावं, आपण त्या दिवशी हसतच होतो. हाताला देणगी होती. आणि ही देणगी घेऊन बाई एके दिवशी आकाशाच्या नादी लागल्या.

आकाशाचे फोटो काढणारी हौशी मंडळी हा एक वेगळाच प्राणी. त्यांचा एक फोटो म्हणजे खरं तर शेकडो फोटो असतात. दुर्बीण ताऱ्यांच्या मागोमाग हळूहळू फिरवत ठेवायची, पाच-पाच मिनिटांचे फोटो घेत राहायचं आणि नंतर ते सगळे एकावर एक रचायचे. मग एकेका फोटोत अजिबात न दिसणारा तेजोमेघाचा, म्हणजे चमकणाऱ्या वायूच्या ढगाचा, फिकट उजेड साठत साठत वर येतो. पण त्याच्याबरोबर कचराही वर येतो. शहरातल्या दिव्यांची पिवळट साय, कडांचा अंधार, कॅमेऱ्यातल्या धुळीची वर्तुळं. हा कचरा काढण्याचं काम ज्योत्स्नाकडे. आकाशप्रेमी मंडळातले सगळे आपापले फोटो तिच्याकडे आणून टाकायचे. ‘ज्योत्स्नाताईंकडनं धुऊन आणला,’ असंच म्हणायची पद्धत पडली होती. नाव चांदण्याचं, आणि चंद्र उगवला की सगळ्यात आधी हीच त्याला शिव्या घालते, अशी तिची थट्टाही चालायची.

पुढे काळ बदलला. दोन हजार तेहेतीस सालापर्यंत आकाशात लाखभर उपग्रह झाले आणि कुणाचाही फोटो बघावा तर रेघाच रेघा. पोरांनी वहीवर गिरगोट्या माराव्यात तसं. तेव्हा ‘गाळणी’ आली. गाळणी म्हणजे एक शिकलेलं यंत्र. त्याला हजारो जोड्या दाखवलेल्या होत्या, हा धुण्याआधीचा फोटो आणि हा धुतल्यानंतरचा. त्यावरून ते आपलं आपण शिकलं, आकाशात काय खरं आणि काय कचरा. जे कचरा वाटेल ते काढायचं आणि त्या जागी जे असायला हवं ते भरायचं. कॅमेऱ्याच्या चिपमध्येच गाळणी येऊ लागली, आणि सगळ्या जगाचे फोटो साठवणाऱ्या हौशी संग्रहालाही दारातच गाळणी बसली. फोटो आत गेला की धुतलाच. कच्चे फोटो जपून ठेवायची कुणाला गरज राहिली नाही.

आणि त्या जोड्यांपैकी चारशे बारा जोड्या ज्योत्स्नाच्या होत्या. मोठ्या, पसरट, फिकट पार्श्वभूमीचे धडे तर जवळजवळ सगळे तिचेच, कारण असलं अवघड काम तिच्याइतकं स्वच्छ कुणी करतच नव्हतं. लोक तिला ‘गाळणीची आई’ म्हणू लागले. ती वरवर ‘कसचं काय’ म्हणायची, पण आतून फुलायची. का नाही फुलणार? आता तर तिला साठावं लागणार होतं आणि मंडळ तिचा सत्कार करणार होतं.

सत्कार महिन्यावर आला असताना, दोन हजार अठ्ठेचाळीसच्या मार्चमध्ये, पुण्याहून गार्गी सामंतचा फोन आला.

गार्गी एका संस्थेत खगोलशास्त्राचं संशोधन करणारी मुलगी. वय तिशीचं. पडद्यावर तिचे केस विस्कटलेले आणि मागे कपाटावर तीन रिकामे चहाचे कप दिसत होते.

“ज्योत्स्नाताई, सारथी तारकासमूहात आम्हाला एक गोल सापडलाय,” ती म्हणाली. “अवकाशातल्या दुर्बिणीनं क्ष-किरणांत टिपलाय. चार पौर्णिमेचे चंद्र एका रांगेत ठेवले तर जेवढे भरतील तेवढा रुंद. मला वाटतं, तो सुपरनोव्हाचा अवशेष आहे.”

सुपरनोव्हा म्हणजे मोठ्या ताऱ्याचा शेवटचा स्फोट. तारा फुटतो तेव्हा त्याचा माल चारी दिशांना उधळतो आणि पुढे हजारो वर्षं एक पोकळ गोळा फुगत राहतो. त्या गोळ्याची कड कुठेकुठे ऑक्सिजनच्या हिरव्या-निळ्या उजेडानं अगदी मंद चमकते. आपल्या हाडांतलं कॅल्शियम, रक्तातलं लोह यांतलं बरंचसं असल्याच स्फोटांतून आलेलं. म्हणजे हे अवशेष शोधणं हे एका अर्थी आपलं मूळ गाव शोधण्यासारखंच.

“मग त्या उजेडात फोटो काढा की,” ज्योत्स्ना म्हणाली.

“काढलाय. एक कमान दिसते, पुसट. पण नुसती कमान असून भागत नाही. ती बाहेरच्या बाजूला सरकतेय हे दाखवावं लागतं, तरच स्फोट सिद्ध होतो. आणि सरकणं मोजायला जुना फोटो लागतो, वीस-एक वर्षांपूर्वीचा.” गार्गीनं श्वास घेतला. “मी हौशी संग्रहातले त्या जागेचे तीन हजार फोटो पाहिले. एकातही कमान नाही. सगळे कसे स्वच्छ, काळेभोर. ताई, इतकं स्वच्छ आकाश नसतं हो.”

ज्योत्स्नानं खुर्ची पडद्याजवळ ओढली.

“म्हणून मी उलटं शोधत गेले. गाळणीला त्या जागेबद्दल शिकवलं कुणी? एकच जोडी सापडली. चित्र क्रमांक एकशे सतरा. जानेवारी दोन हजार सत्तावीस. तुमचं.”

पडद्यावर दोन चित्रं आली. डावीकडचं, धुण्याआधीचं, नखाएवढं. संग्रहात तेवढंच उरलं होतं. पिवळट, मळकट, कोपरे काळे. आणि मधोमध एक फिकट वाकडी रेघ, भाकरीच्या कडेसारखी. उजवीकडे धुतलेलं चित्र. तारे लखलखीत आणि रेघेचा मागमूस नाही.

“गाळणी काय शिकली असेल बघा,” गार्गी हळूच म्हणाली. “पसरट, फिकट आणि माहीत असलेल्या तेजोमेघांच्या यादीत नसलेलं जे जे असेल, तो दोष. तो काढायचा. नुसता सारथीतच नाही, सगळ्या आकाशात. पंधरा वर्षं. ताई, मूळ कच्चे फोटो आहेत का हो तुमच्याकडे? ते मिळाले तर सगळंच जमेल. नाही मिळाले, तर आणखी वीस वर्षं थांबायचं.”

“माझ्याकडे नाहीत,” ज्योत्स्ना म्हणाली. “ते माझे नव्हतेच. सर्जेदादांचे होते.”

सर्जेराव खोत. मोटारी रिवाइंड करणारा माणूस. जळलेली पंपाची मोटार आणून द्यावी, जुनी तार काढून यानं नवी गुंडाळून द्यावी. शिक्षण दहावी. पण जुन्या गाड्यांच्या वायपरच्या मोटारी जोडून यानं दुर्बीण फिरवणारं यंत्र घरीच केलं होतं, आणि ते तारा सोडत नव्हतं. ज्योत्स्नापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. मंडळात तिला पहिल्यांदा दुर्बिणीला डोळा लावायला देणारा हाच. शनीची कडी बघून ती ‘अगं बाई’ म्हणून ओरडली, तर हा म्हणाला होता, ‘वरड, वरड. पहिल्या खेपंला समदीच वरडत्यात.’

त्या जानेवारीत सर्जेरावनं मसाई पठारावर अकरा रात्री बसून सारथीचा एक रिकामा कोपरा टिपला होता. रिकामाच का, तर तिथं कुणी बघत नाही म्हणून. ज्योत्स्नानं फोटो धुतला आणि रविवारी मंडळाच्या बैठकीत सगळ्यांसमोर आधीचा आणि नंतरचा लावून दाखवला. राजारामपुरीतल्या शाळेचा वर्ग, चाळीस माणसं. सर्जेराव मागच्या बाकावरून म्हणाला, “ज्योत्स्ना, मधली ती कमान का काढलीस? ती मला खरी वाटतीया.”

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. कडांचा अंधार आणि धूळ काढण्यासाठी ही मंडळी पहाटे दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून उजळत्या आकाशाचा एक सपाट, कोरा फोटो घेतात. त्याला ‘फ्लॅट’ म्हणतात. खऱ्या फोटोला या कोऱ्या फोटोनं भागलं की दुर्बिणीचे स्वतःचे दोष जातात. ज्याला जे कापड मिळेल ते तो वापरतो. सर्जेराव आपला बनियन वापरायचा.

ज्योत्स्ना तेव्हा अडतीस वर्षांची, हातखंडा कलाकार, समोर चाळीस माणसं. जीभ घसरली. “दादा, हा तेजोमेघ नव्हे, तुमच्या बनियनची सुरकुती आहे!”

वर्ग हसून हसून फुटला. पुढे वर्षभर कुणाच्याही फोटोत डाग दिसला की पोरं म्हणायची, ‘बनियन तेजोमेघ!’ सर्जेरावही त्या दिवशी हसला होता. पण पुढच्या रविवारी आला नाही, आणि मग कधीच आला नाही. ज्योत्स्ना दोनदा जायचं म्हणाली आणि गेली नाही. त्याला एकवीस वर्षं झाली.

गार्गीचा फोन ठेवल्यावर तिनं पिशवीत लॅपटॉप भरला. मग दुसऱ्या दिवशी सकाळी पन्हाळ्याकडची एसटी धरली. आता एसटीला ड्रायव्हर नसतो, पण कंडक्टर अजून असतो, आणि सुट्ट्यावरून वाद घालायला नाही तर कशावरून तरी घालायला लोकांना तो लागतोच. त्या गडबडीत ज्योत्स्नानं काय बोलायचं याची चारदा उजळणी केली.

मसाई पठाराच्या पायथ्याला सर्जेरावचं घर. दार शालनवहिनींनी उघडलं, सर्जेरावची बायको.

“कोण पायजे?”

“सर्जेदादा आहेत का? मी ज्योत्स्ना. ज्योत्स्ना रेळेकर.”

वहिनींनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तू व्हय ती,” त्या म्हणाल्या. “एवढीशी तर हाईस. मला वाटलं, चांगली थोरली असशील.” मग बाजूला सरकून म्हणाल्या, “मागं पत्र्यात हायत. जा. च्या टाकते.”

सर्जेराव पत्र्याच्या शेडमध्ये स्टुलावर बसला होता. त्र्याहत्तर वर्षांचा, केस पांढरे, चष्मा दोरीनं बांधलेला. समोर मोटारीचा सांगाडा आणि हातात तांब्याची तार. ज्योत्स्ना दारात उभी राहिली आणि उजळणी केलेलं सगळं विसरली.

“दादा, सत्तावीस सालचा सारथीचा फोटो. ती सुरकुती नव्हती. ती कमान खरी होती. मी चुकले.”

सर्जेरावनं वर न बघता डावा हात उचलला. थांब. उजव्या हातानं तार फिरतच होती आणि ओठ हलत होते. “एकोणसाठ, साठ, एकसष्ट...” रिवाइंडिंगमध्ये वेढ्यांचा हिशेब चुकला की सगळी गुंडाळी उसवून परत पहिल्यापासून. हे ज्योत्स्नाला ठाऊक होतं, म्हणून ती गप उभी राहिली. नव्वद झाले. शंभर झाले. एकवीस वर्षांनी तोंड उघडलं होतं आणि माणूस मोटार गुंडाळतोय! तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. एकशे चाळीसला त्यानं तार तोडली, टोकाला पीळ दिला आणि चष्मा वर केला.

“हं. काय म्हणालीस? परत म्हण.”

म्हणजे परत म्हणावं लागलं. पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा जास्त अवघड गेलं.

“मला ठावं हाय,” सर्जेराव म्हणाला.

“काय ठाऊक आहे?”

“सुरकुती नव्हती ते. त्या दिशीच घरी जाताना पन्हाळ्याच्या चढाला कळलं. बनियन कुठं, तर दुर्बिणीच्या तोंडावर. फोकस कुठं, तर ताऱ्यांवर. डोळ्याला चिकटवलेल्या कापडाची सुरकुती कुणाला दिसती का? पार धुरळा हुतोय तिचा. रेघ उमटंलच कशी?”

ज्योत्स्ना मट्कन खाली बसली. अहो, इतकं साधं! कुठल्याही नवशिक्यानं घटकाभर विचार केला असता तरी कळलं असतं. तिनं केला नव्हता, आणि चाळीस जणांपैकी कुणीच केला नव्हता. हसायची घाई झाली होती.

“दुसऱ्या वर्सी खात्री केली,” सर्जेराव सांगत होता. आवाजात राग नव्हता, मोटारीचा बिघाड समजावून सांगावा तसा सांगत होता. “कॅमेराच आडवा फिरवून लावला. डाग कॅमेऱ्यातला असता, तर कॅमेऱ्यासंगं फिरला असता. न्हाई फिरला. ताऱ्यांसंगं हाय तिथंच ऱ्हायला. मग तो फोटू घिऊन तुझ्या दुकानात आलो हुतो मी.”

“कधी? मी नाही पाहिलं.”

“बाहेरनंच माघारी गेलो. आत तू पोरांना शिकवत हुतीस, पार्श्वभूमीचा दोष कसा काढायचा. पडद्यावर माझाच फोटू हुता.”

ज्योत्स्नाला शरमेनं मान वर करवेना. हो, ती पाचेक वर्षं तोच फोटो शिकवायला वापरत होती. उत्तम उदाहरण म्हणून.

“म्या म्हटलं, जाऊ दे. फोटूच बोलंल. चौतीस सालापास्नं त्या जगाच्या संग्रहाला धाडायला लागलो. दर साली. आणि दर साली उत्तर यायचं, ‘पार्श्वभूमीतील दोष दूर केला आहे. धन्यवाद.’” सर्जेराव आता किंचित हसला. “धन्यवाद तरी म्हणायचं बिचारं. पुढं पेपरात वाचलं, ते तुझ्या हाताखाली शिकलंय. तवा हिला म्हटलं, बघ शालन, एकदा हसली ती हसली, आता ही बया दर साली हसाय लागली.”

“दादा...”

“रडू नको. च्या घे.”

वहिनी चहा घेऊन केव्हाच येऊन उभ्या होत्या. “रडू दे की तिला,” त्या म्हणाल्या. “वीस वर्सं ह्या माणसानं तोंडातनं तिचं नाव काढलं न्हाई. मंडळाचा रविवार आला की ह्यो आपला परसात झाडं मोजत फिरायचा. रडू दे थोडं.”

ज्योत्स्ना रडली. थोडं नाही, चांगलं रडली. मग पदरानं तोंड पुसून तिनं ज्यासाठी आली होती ते विचारलं. गार्गीचं सगळं संशोधन आणि या माणसाची कमान त्या एका उत्तरावर उभी होती. “दादा, सत्तावीस सालचे कच्चे फोटो आहेत का? का टाकून दिलेत?”

“कुठलं सत्तावीस?” सर्जेराव म्हणाला. “सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस... कुठलं पायजे?”

तो उठून आत गेला आणि बिस्किटांचे दोन मोठे पत्र्याचे डबे घेऊन आला. आत मोटारीत घालायच्या पिवळ्या इन्सुलेशनच्या कागदात गुंडाळलेल्या छोट्या छोट्या ड्राइव्ह. प्रत्येक पुडीवर जाड पेनानं साल. एकवीस पुड्या. सत्तावीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंत, मधलं एकच साल नव्हतं.

“एकेचाळीस राहिलं. हिचं आजारपण हुतं.”

“मी म्हणत हुते जावा, मी काय मरत न्हाई,” वहिनी म्हणाल्या. “ह्ये उठलंच न्हाईत माझ्यापासनं.”

ज्योत्स्ना पुड्यांकडे बघत राहिली. गार्गीनं एक जुना फोटो मागितला होता. इथं एकवीस हिवाळे होते. एकच जागा, एकच दुर्बीण, आणि एकच जुना कॅमेरा, ज्याच्यात गाळणीची चिप नव्हती कारण या माणसानं तो दोनदा उघडून दुरुस्त केला पण बदलला नाही. तिला त्या घडीला देवाचे, त्या कॅमेऱ्याचे, बिस्किटाच्या डब्यांचे, सगळ्यांचेच उपकार वाटले.

लॅपटॉप तिनं आणलाच होता. तिथंच शेडमध्ये, मोटारी बाजूला सारून ती कामाला बसली. दोन दिवस लागले. रात्री वहिनींच्या शेजारी झोपली, सकाळी उठून पुन्हा बसली. प्रत्येक सालचे दोन-अडीचशे फोटो एकावर एक रचायचे. पुढच्या सालांच्या फोटोंत उपग्रहांच्या रेघांचा नुसता बुजबुजाट होता, पण रेघ दर फोटोत वेगळ्या जागी असते आणि आकाश आपल्या जागी असतं. दोनशे फोटोंत ज्या जागी जे सारखं दिसतं तेवढं ठेवायचं आणि एखाद्यातच दिसेल ते सोडायचं. काही भरायचं नाही, काही ठरवायचं नाही. हे गाळणीच्या आधीही सगळ्यांना येत होतं, नंतर आळस झाला. बाकी पिवळी साय, काळे कोपरे, धुळीची वर्तुळं, सगळं होतं तसं राहू दिलं. हात कितीदा शिवशिवला! लग्नाच्या अल्बमवर पोसलेला हात तो. पण तिनं तो मांडीखाली घातला.

तिसऱ्या दिवशी दुपारी एकवीस चित्रं तयार झाली. तारे एकमेकांवर नीट बसवले आणि तिनं पहिलं आणि शेवटचं चित्र आळीपाळीनं दाखवायला सुरुवात केली. सत्तावीस. अठ्ठेचाळीस. सत्तावीस. अठ्ठेचाळीस.

तारे जागचे हलत नव्हते. आणि कमान, ती मळकट, भाकरीच्या कडेसारखी कमान, प्रत्येक वेळी एवढीशी बाहेर जात होती. पडद्यावरच्या एका ठिपक्याहून जरा जास्त. तारा फुटला होता अठरा-वीस हजार वर्षांपूर्वी, आणि त्याची कड या वीस वर्षांत तेवढी पुढे गेली होती. ज्योत्स्नानं मधली सगळी सालंही ओळीनं लावली. मग ती कड उड्या न मारता सरकत गेली, सालागणिक, थोडी थोडी.

सर्जेराव चष्मा कपाळावर घेऊन पडद्याला नाक लावून बसला होता.

“सरकली,” तो शेवटी म्हणाला. “शालन! ए शालन! हिकडं ये. सरकतीया बघ.”

वहिनी पिठाचे हात घेऊन आल्या, बघितलं. “ह्याच्यासाठी वीस वर्सं थंडीत कुडकुडत बसलासा व्हय?”

“व्हय.”

“दिसतीया खरी चांगली,” वहिनी म्हणाल्या, आणि परत जायच्या ऐवजी तिथंच मोटारीवर टेकल्या.

ज्योत्स्नानं वाकून सर्जेरावच्या पायाला हात लावला. तो दचकला. “अगं, हे काय खूळ!”

“तुम्ही थांबला नाहीत, दादा. मी इतकं करूनसुद्धा थांबला नाहीत.”

“ऐक,” तो म्हणाला. “खरं सांगू का? तू हसली नसतीस, तर मी काय केलं असतं? एक फोटू काढला, मंडळात टाळ्या पडल्या, की दुसऱ्या वर्सी दुसरी जागा धरली असती. ह्यो रिकामा कोपरा कोण सारखा बघतंय? राग हुता म्हणून बघितला. आणि सातआठ वर्सांनी राग गेला, तवर सवय लागली हुती. नुसती गाठ घ्यायला जावं तसं जायचो मग पठारावर. आता तू म्हणतीस, एक फोटू असता तर नुसती दोन टोकं कळली असती. हितं समदी वाट कळली. म्हंजे त्यात तुझंबी काहीतरी हाय. माफ लवकर केलं न्हाई हां मी तुला. पण केलं.”

गार्गीला चित्रं पाठवल्यावर पाच मिनिटांत तिचा फोन आला आणि ती पोरगी काही न बोलता नुसती हसत सुटली. नंतर शास्त्रीय भाषेत बोलली. वेग जुळत होता, अंतर जुळत होतं, क्ष-किरणांतला गोल आणि ही कमान एकाच स्फोटाची होती.

मग निबंध लिहायची वेळ आली, आणि तिथं अडलं. गार्गी म्हणाली, “ताई, गाळणीच्या चुकीबद्दल आपण ‘प्रणालीची मर्यादा’ असं लिहू. तुमचं नाव यायची गरज नाही. तुमचा सत्कारही आहे ना?”

ज्योत्स्नाला त्या वाक्यानं क्षणभर बरं वाटलं. खोटं का बोला, दोन दिवस चांगलंच बरं वाटलं. साठाव्या वर्षी कुणाला आपलं नाव खाली यावंसं वाटतं? पण मर्यादा असं लिहिलं तर गाळणी आहे तशीच चालू राहणार होती, फक्त सारथीपुरती दुरुस्त होऊन. आणि जगात आणखी किती सर्जेराव दर साली ‘धन्यवाद’ वाचत बसले असतील! तिसऱ्या दिवशी तिनं मंडळाला सत्कार रद्द करायला सांगितला आणि संग्रहाच्या लोकांना स्वतः पत्र लिहिलं: चित्र क्रमांक एकशे सतराचा धडा चुकीचा आहे, तो मी दिला होता, माझे चारशे बाराही धडे काढून घ्या आणि कुणाकडे कच्चे फोटो असतील तर परत मागवा.

गदारोळ व्हायचा तो झाला. जगभरच्या लोकांनी तिला काय काय म्हटलं ते इथं सांगण्यासारखं नाही. गाळणी दारातून काढावी लागली. पंधरा वर्षांचे फोटो संशयात गेले. पण हळूहळू डबेही उघडायला लागले. लडाखमधल्या एका शाळामास्तरांकडे, चिलीतल्या एका बेकरीवाल्या बाईंकडे, केरळातल्या दोघा भावांकडे. ‘आमचाही डाग म्हणून परत आला होता’ असं म्हणत लोक आपापले मळके फोटो पाठवू लागले. पावसाळ्यापर्यंत आणखी चार कमानी सापडल्या. फोटो पाठवणाऱ्या प्रत्येकाला ज्योत्स्नानं स्वतः पत्र लिहिलं. माफी मागितली आणि आभार मानले.

निबंधाचा शेवटचा मसुदा वाचायला गार्गी मुद्दाम पुण्याहून आली. सर्जेरावच्या शेडमध्येच बसली तिघं. इंग्रजी निबंध, म्हणून ती एकेक वाक्य मराठीत करून सांगत होती. लेखकांत पहिलं नाव सर्जेराव खोत, मग गार्गी, शेवटी ज्योत्स्ना.

“आता हे वाक्य ताईंनी हट्टानं घातलंय,” गार्गी म्हणाली. “असं कुणी लिहीत नाही, पण त्या ऐकेनात. ‘ही कमान प्रथम जानेवारी दोन हजार सत्तावीसमध्ये सर्जेराव खोत यांनी टिपली. त्याच महिन्यात या निबंधाच्या एक लेखिका ज्योत्स्ना रेळेकर यांनी ती दोष समजून पुसली.’”

“परत वाच,” सर्जेराव म्हणाला.

तिनं परत वाचलं. ज्योत्स्ना खाली जमिनीकडे बघत होती. वाक्य तिनंच लिहिलं होतं, तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कान तापले होते.

सर्जेरावनं मान हलवली. “न्हाई. ह्ये अपुरं हाय.”

“काय राहिलं, दादा?” ज्योत्स्नानं घाबरून विचारलं. “आणखी काय लिहू? सगळ्यांसमोर हसले होते, तेही लिहू का?”

“ते काय लिवायचं त्यात,” तो म्हणाला. मग गार्गीकडे वळून, वेढे मोजताना बोलतो तसा, एकेक शब्द सावकाश म्हणाला, “पोरी, पुढं असं लिव: ‘आणि एकवीस वर्सांनी घरी यिऊन तिनंच ती परत दाखवली.’”

गार्गीनं लिहिलं.